जपलेले घर

मुंबईच्या माणसाला व्हिक्टोरिया राणीचा काळ दगडातून ठाऊक असतो. बोरीबंदरचे स्टेशन, हायकोर्ट, राजाबाई मनोरा ही त्या काळाची जगाला दाखवायची बाजू. पण त्या काळची माणसे घरात कशी वावरत, संध्याकाळी दिव्याखाली काय करीत, त्यांच्या माळ्यावर कोण निजत असे, याचा विचार आपण सहसा करीत नाही. मीही कधी केला नव्हता. दोन वर्षांपूर्वी मुलीकडे लंडनला गेलो, तेव्हा एका पावसाळी दुपारी तिने मला केन्सिंग्टनमधील एका घरी नेले. स्टॅफर्ड टेरेस नावाच्या रस्त्यावर एकसारख्या घरांची रांग आहे. त्या रांगेतले हे १८ क्रमांकाचे घर. बाहेरून पाहिले तर शेजारच्या घरांहून फारसे वेगळे नाही. आत मात्र दीडशे वर्षांपूर्वीचा एक संसार जवळजवळ जसाच्या तसा उभा आहे.

हे घर लिनली सँबोर्न या व्यंगचित्रकाराचे. 'पंच' या विनोदी साप्ताहिकात त्याने चाळीसहून अधिक वर्षे चित्रे काढली. १८७४ साली त्याचे मेरियनशी लग्न झाले आणि पुढच्याच वर्षी ही दोघे या घरात राहावयास आली. विल्यम मॉरिसच्या नक्षीचे भिंतकागद, निळ्या-पांढऱ्या चिनी मातीच्या बश्या, रंगीत काचांच्या खिडक्या, आणि भिंतीचा वीतभरही भाग मोकळा दिसू नये अशी दाटीवाटीने लावलेली चित्रे, असा तो सारा थाट आहे. खुर्च्या इतक्या, की पाहुणे आले तर त्यांनी उभे कोठे राहावे असा प्रश्न पडावा. न्हाणीघरातील संगमरवरी टबात सँबोर्न आपली छायाचित्रे धुऊन काढीत असे. मेरियन रोजनिशी लिही. स्वयंपाकिणीची कुरकुर, कोळशाचा खर्च, मुलांची दुखणी, पतीची चित्र वेळेवर पुरे करण्याची धांदल, हे सर्व त्या रोजनिशीमुळे आज आपल्याला कळते.

हे घर टिकले कसे, ही कथा मला घराइतकीच विचार करण्याजोगी वाटली. सँबोर्न १९१० साली वारला, मेरियन १९१४ साली. घर मुलाकडे, रॉयकडे, आले. त्याने लग्न केले नाही आणि घरातले काही हलविलेही नाही. तो १९४६ साली मरेपर्यंत वडिलांच्या खुर्च्या वडिलांनी ठेवल्या होत्या तेथेच राहिल्या. जपणुकीचे व्रत वगैरे त्याने घेतले होते असे दिसत नाही. बदल करण्याचे त्याला कारण पडले नाही, एवढेच. आणि ज्या वर्षांत तो असा स्वस्थ बसला होता, त्याच वर्षांत व्हिक्टोरियाकालीन अभिरुची ही चेष्टेचा विषय झाली होती. लोक तसले फर्निचर मिळेल त्या भावाने काढून टाकीत होते. पुढे घर रॉयच्या बहिणीकडे व नंतर तिच्या मुलीकडे, रॉसच्या काउंटेसकडे, आले. ५ नोव्हेंबर १९५७ रोजी याच घराच्या दिवाणखान्यात काही मंडळी जमली आणि त्यातून १९५८ साली 'व्हिक्टोरियन सोसायटी' उभी राहिली. त्या काळातील वास्तूंची हकनाक होणारी पाडापाड थांबविणे हा तिचा उद्देश. सोसायटीला सुरुवातीसच हार पत्करावी लागली. यूस्टन स्टेशनची भव्य कमान १९६१-६२ मध्ये पाडली गेलीच. पण पुढे सेंट पँक्रसचे स्टेशन वाचले. १८ स्टॅफर्ड टेरेस १९८० साली ग्रेटर लंडन कौन्सिलने घेतले आणि ते लोकांना खुले झाले. १९८९ पासून त्याची देखभाल केन्सिंग्टन व चेल्सीच्या नगरसभेकडे आहे.

म्हणजे एका अविवाहित माणसाच्या निरुत्साहाने जे वाचले, त्याला पुढच्या पिढीने वारसा म्हटले. यात कोणाची थट्टा करण्याचा माझा हेतू नाही. आपण ज्याला परंपरेचे जतन म्हणतो त्यातला बराच भाग असाच घडलेला असतो. कोणी तरी काही केले नाही, म्हणून ते उरले. पण यातून एक गोष्ट निघते, आणि ती ध्यानात ठेवणे जरूर आहे. टिकून राहणे हा गुण नाही. जे टिकले ते चांगले होते म्हणून टिकले, असे म्हणण्यास आधार नाही. टिकलेल्या वस्तूचे काय करावयाचे हा प्रश्न तिच्या वारसापुढे उभा राहतो, तेव्हा कोठे नीतीचा प्रश्न सुरू होतो.

या प्रश्नावर त्या शतकातल्या माणसांनीच पुष्कळ वाद घातला आहे. फ्रान्समध्ये व्हिओले-ल-द्युक म्हणे, की जुनी वास्तू दुरुस्त करणे म्हणजे तिला परिपूर्ण रूप देणे, मग ते रूप पूर्वी कधी अस्तित्वात असो वा नसो. इंग्लंडात रस्किनला हे मान्य नव्हते. १८४९ साली त्याने असा पक्ष मांडला, की जुन्या इमारती आपल्या मालकीच्या नाहीतच. काही अंशी त्या बांधणाऱ्यांच्या आणि काही अंशी पुढे येणाऱ्या सर्व पिढ्यांच्या असतात. मॉरिसने १८७७ साली जुन्या इमारतींच्या रक्षणासाठी संस्था काढली तीही याच भूमिकेवर. वास्तूला सांभाळा, गळती थांबवा, पण तिला पुन्हा तरुण करावयास जाऊ नका, असे त्याचे सांगणे. मला मॉरिसचा पक्ष पटतो. व्हिओलेच्या मार्गाने गेले, तर वारस आपल्याला आवडणारा भूतकाळ बांधून घेतो आणि त्यावर जुनी तारीख घालतो.

सँबोर्नचे घर मॉरिसच्या अर्थाने राखले गेले आहे. आणि म्हणूनच ते मालकाची फक्त तारीफ करीत नाही, मालकाविरुद्ध साक्षही देते. शाळेत इतिहास शिकताना आपण एक चित्र पाहिलेले असते. आफ्रिका खंडावर एक पाय कैरोत आणि एक केपटाउनला रोवून उभा असलेला सेसिल ऱ्होड्स, हातात तारायंत्राची तार. ते चित्र सँबोर्नचे, १८९२ सालचे. आणि १९०६ साली बेल्जियमच्या राजाचे तोंड असलेला रबराचा अजगर काँगोतील माणसाला विळखा घालतो आहे, हे चित्रही सँबोर्नचेच. पहिल्या चित्रात विनोद आहे, पण ऱ्होड्सच्या पायाखाली कोण चिरडले जात आहे याची खंत मला तरी त्यात दिसली नाही. दुसऱ्यात अन्यायाची स्पष्ट चीड आहे. पण तो अन्याय शेजारच्या राजाचा होता. दुसऱ्याच्या घरातला अंधार दिसण्यास डोळे फार चांगले असावे लागत नाहीत. किंग्जलेच्या 'वॉटर बेबीज' या पुस्तकाच्या १८८५ सालच्या आवृत्तीसाठीही यानेच चित्रे काढली. धुराडी साफ करणाऱ्या एका पोरक्या पोराची ती गोष्ट. चितारणारा हात कनवाळू होता, यात मला शंका नाही. त्याच माणसाने रस्त्याने जाणाऱ्या मुलींची त्यांच्या नकळत छायाचित्रे घेतली, हेही त्याच्या जपलेल्या हजारो छायाचित्रांमुळेच आपल्याला ठाऊक झाले. कुळाच्या अब्रूची फार काळजी असलेल्या वारसाने ती छायाचित्रे शेगडीत घातली असती. ती घातली गेली नाहीत, म्हणून आज आपल्यापुढे पुतळा न येता माणूस येतो.

अखेरीस आम्ही पोटमाळ्यावर गेलो. तेथे मोलकरणीची खोली आहे. घराची मोठी दुरुस्ती होऊन ते २०२२ साली पुन्हा उघडले, तेव्हा ही खोली नव्याने मांडून दाखविण्यात आली. खाली दिवाणखान्यातली वस्तू न् वस्तू खरी आहे, मालकाची आहे. या खोलीत मात्र जे आहे ते बरेचसे अंदाजाने, तशाच प्रकारचे म्हणून आणून ठेवलेले. मी मुलीला म्हटले, "खालचे सगळे राहिले आणि इथले काहीच कसे राहिले नाही?" ती म्हणाली, "बाबा, तिचं इथे होतंच काय? एक पेटी. नोकरी सुटली की ती पेटी घेऊन जाणार."

ती सहज बोलली, पण जिना उतरताना मला पायऱ्या दिसेनात. वस्तूंवर उभी असलेली स्मृती ही वस्तू असणाऱ्यांचीच स्मृती असते. ज्यांनी रोज सकाळी या घरातल्या शेगड्या पेटविल्या, त्यांचे या घरात त्यांचे असे काहीच उरले नाही. घर प्रामाणिकपणे जपावे, काही लपवू नये, एवढे करूनही अर्धी माणसे निसटतातच.

त्याच आठवड्यात आम्ही लंडनमधले दुसरे एक घर पाहिले. प्रिमरोज हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० क्रमांकाचे. हेही व्हिक्टोरियाकालीन रांगेतलेच घर. १९२१-२२ साली डॉ. बाबासाहेब आंबेडकर तेथे भाडेकरू म्हणून राहत होते. सिडनहॅम कॉलेजातील प्राध्यापकीतून साठविलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या मित्राची मदत, एवढ्या बळावर ते १९२० साली अपुरे राहिलेले शिक्षण पुरे करण्यास लंडनला परत आले होते. ब्रिटिश म्यूझियमच्या वाचनालयात दिवस, आणि खोलीवर रात्र. १९२३ साली ग्रंथरूपाने प्रसिद्ध झालेला रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध हे त्या दिवसांचे फळ. हे घर महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतले आणि त्याच वर्षी नोव्हेंबरात तेथे स्मारकाचे उद्‌घाटन झाले. पुढे शेजारच्या काही मंडळींनी हरकत घेतली, स्थानिक नगरसभेने राहत्या घराचे संग्रहालय करण्यास परवानगी नाकारली, जाहीर चौकशी झाली, आणि मार्च २०२० मध्ये ब्रिटिश सरकारच्या मंत्र्यांनी ती परवानगी दिली.

तेथे पलंग आहे, पुस्तके आहेत, छायाचित्रे आहेत. पण ती सारी नंतर मांडलेली. भाडेकरू विद्यार्थी आपली पेटी घेऊन गेलेला. स्टॅफर्ड टेरेसमधल्या मोलकरणीसारखाच. मॉरिसच्या कसोटीने पाहिले, तर या घरात जपण्याजोगे भिंतींपलीकडे फारसे नव्हते. तरीही तेथे येणारी माणसे उंबऱ्याशी क्षणभर थबकत होती. एक बाई आपल्या लहान मुलाला जिन्याचा कठडा दाखवीत होत्या. "यालाच हात लावून ते वर गेले असतील," असे त्या म्हणाल्या आणि त्यांनी त्या मुलाचा हात धरून कठड्यावर ठेवला. कठडा तोच होता की मागाहून बदललेला, मला सांगता आले नसते, आणि विचारण्याचे धाडसही झाले नाही.

दोन घरे मी मनात शेजारी शेजारी ठेवून पाहू लागलो. एकात सर्व वस्तू आहेत. त्यांचा अर्थ काय, हे आपण शोधावयाचे. दुसऱ्यात वस्तू नाहीत, पण अर्थ इतका आहे की लोक तो हातांनी चाचपून पाहतात. एक घर अंगावर पडलेल्या वारशाने टिकले. दुसरे लोकांनी हक्काने मागून घेतले. भाड्याच्या खोलीला त्यांनी आपल्या माणसाचे घर म्हटले. आणि मला असे वाटू लागले, की घर जपणे हे दोन अगदी भिन्न कामांना दिलेले एकच नाव असावे. ज्यांचे काही राखले गेले नाही, त्यांच्यासाठी जपणे म्हणजे मिळविणे. ज्यांचे सगळेच राखले गेले, त्यांच्यासाठी जपणे म्हणजे कबूल करणे.

हे मी इतक्या तपशिलाने लिहितो याला घरगुती कारण आहे. वाईच्या बाजूला कृष्णाकाठी आमचा वाडा आहे. दिंडी दरवाजा, चौक, सोपा, माजघर, परसात आड. आता तेथे कोणी राहत नाही. भाऊ विकावा म्हणतात. पुतण्या म्हणतो, "काका, विकू नका. आपण तो दुरुस्त करू, शहरातली माणसं हौसेनं राहायला येतील, वारसा टिकेल." त्याने वास्तुविशारदाकडून नकाशेही करून घेतले. मुलगा चांगला आहे, आणि जुन्याविषयीचे त्याचे प्रेम खोटे नाही. त्या नकाशात परसदाराजवळचा एक सपाट काळा दगड चौकात आणून बसविलेला दाखविला आहे, वर फुलांची कुंडी. पुतण्याला तो दगड सुंदर वाटतो. आहेच तो सुंदर. बसून बसून गुळगुळीत झालेला आहे.

त्या दगडावर कोण बसत असे हे त्याला ठाऊक नाही. मला ठाऊक आहे. सरपण घेऊन, निरोप घेऊन, कधी शिळे अन्न मागावयास गावकुसाबाहेरची माणसे येत ती परसदाराने येत, आणि त्या दगडापाशी थांबत. आत येण्याची त्यांना मनाई होती. ती उठून गेली की आजी दगडावर पाणी शिंपडी. मी सात-आठ वर्षांचा असेन. एका उन्हाळ्यात दुपारी एक म्हातारी आली. आजीचे सोवळे होते, म्हणून तिने तांब्या माझ्या हाती दिला आणि सांगितले, "वरून घाल, लागू देऊ नको." मी ओतू लागलो. म्हातारीने ओंजळ तोंडाशी धरली होती. मी घाईने ओतले. "धाकलं मालक, जरा हळू वता, सांडतंया," ती म्हणाली. तिचा नातू शाळेत माझ्या वर्गात होता. सकाळीच आम्ही दोघांनी एका पाटीवर गणिते सोडविली होती.

लंडनहून परत आल्यावर मी त्या वर्गमित्राकडे गेलो. तो आता निवृत्त शिक्षक आहे. गावातच घर बांधून राहतो. त्याचे वडील १९५६ साली ऑक्टोबरात नागपूरला दीक्षेला गेले होते आणि परत आल्यावर त्यांनी आपल्या आईला आमच्या परसदारी जाऊ नको म्हणून बजावले होते. म्हातारी तरी येई. सवय म्हणा, भूक म्हणा. मी त्याला किंग हेन्रीज रोडच्या घराची छायाचित्रे दाखविली. त्याने ती फार वेळ पाहिली. "पलंग त्यांचाच का?" त्याने विचारले. मी म्हटले, "नाही. नंतर आणून ठेवलेला." तो म्हणाला, "असू दे. खोली तर तीच आहे ना?"

मग मी दगडाची गोष्ट काढली. जाताना मी मनाशी एक मोठा युक्तिवाद रचून गेलो होतो. तो दगड होता तेथेच राहिला पाहिजे, त्याच्याशी पाटी लावली पाहिजे, वाड्यात जो राहावयास येईल त्याला हे समजले पाहिजे, असे मी त्याला सांगणार होतो. पण त्याच्यासमोर बसल्यावर त्या युक्तिवादातले छिद्र मला दिसू लागले. मी जे कबुलीजबाब म्हणून मांडू पाहत होतो, ते त्याच्या आजीचे अपमानित होणे होते. ते चव्हाट्यावर मांडण्याचा अधिकार मला कोणी दिला? माझ्या मनाचा भार हलका व्हावा म्हणून तिने आणखी एकदा, येणाऱ्या-जाणाऱ्या पाहुण्यांपुढे, त्या दगडावर बसावे की काय? आणि काढून टाकावा म्हटले, तर पुसून टाकण्याची सोयही पुन्हा माझीच. दोन्हीकडून लाभ वाड्याचाच होत होता. हे सारे मी अडखळत त्याला सांगितले. तांब्याचेही सांगितले. आजवर सांगितले नव्हते.

तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "मला ते माहीत आहे. म्हातारीनं घरी सांगितलं होतं." आणि काही वेळाने म्हणाला, "हे बघ, दगड ठेवायचा का हलवायचा हे तू मला विचारू नकोस. वाडा तुमचा आहे, निस्तरणंही तुमचंच आहे. एवढंच सांगतो, त्याच्यावर कुंडी ठेवू नकोस."

मी परतलो. त्याच्या बोलण्याचा मी पुष्कळ विचार केला. त्याने मला क्षमा केली नाही आणि दोषही दिला नाही. हिशेब माझ्याकडे परत पाठविला, एवढेच. वारसाचे कर्तव्य काय, या प्रश्नाचे जेवढे उत्तर मला सापडले आहे ते या त्याच्या शेवटच्या वाक्यात आहे. जुने जपावे की नाही, याविषयी माणसांत मतभेद राहतील. घर पैशाअभावी पडू द्यावे लागेल, विकावेही लागेल. त्यात पाप नाही. पण जे राखले आहे त्याचा अर्थ आपल्या सोयीसाठी पालटू नये, एवढे तरी वारसाकडून मागता येते. दगड पडून राहिला तर तो निदान खोटे बोलत नाही. त्याच्यावर फुले ठेवली की बोलू लागतो.

पुतण्याला मी सविस्तर पत्र लिहिले आहे. वाडा ठेवण्यास माझी संमती आहे; मात्र परसदार बुजवू नये, दगड आहे तेथेच राहावा, त्यावर काही ठेवू नये, आणि पाहुण्यांनी विचारले तर खरे ते सांगावे. पाटी लावू नये. त्या पाटीवर काय लिहावयाचे, हे ठरविण्याचा हक्क आमच्या घराण्याला नाही. हे मान्य नसेल तर विकण्याच्या कागदावर सही करण्यास मी तयार आहे. पत्रात तांब्याची हकीकतही लिहिली आहे. अजून उत्तर आलेले नाही.